विनोग्राडस्की आणि आमचे सहा मासे

आमच्या हॉस्टेलमध्ये प्राणी पाळायला परवानगी नाही. पण मासे प्राण्यांत मोडतात की नाही, याबद्दल नियमावलीत काहीच लिहिलेलं नाही. या पळवाटेतूनच मागच्या जुलैमध्ये आमच्या रूममध्ये एक दीड फुटी काचेची टाकी आली.

निमित्त होतं रूम-पार्टनरच्या वाढदिवसाचं. हा मूळचा सांगलीकडचा. एम-थ्री दुसऱ्यांदा राहिलेला, घरी अजून सांगितलेलं नाही, मेसमध्ये ताट अर्ध्यावर टाकून उठायचा. त्याला जरा बरं वाटावं म्हणून आम्ही तिघांनी वर्गणी काढली आणि इथल्याच, कामोठ्यातल्या एका दुकानातून टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि पाण्याच्या पिशवीत सहा गोल्डफिश असा सगळा सरंजाम आणला. टाकी घासूनपुसून लखलखीत केली, बाथरूमच्या नळाचं पाणी भरलं आणि मासे सोडले. त्या रात्री आमच्या विंगमधली निम्मी पोरं आमच्याच रूममध्ये होती. सगळेच त्यांना खायला घालत होते.

चौथ्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगताना दिसला. नवव्या दिवशी टाकी रिकामी. गंमत म्हणजे पाणी अगदी काचेसारखं नितळ होतं. मग नेहमीची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. कुणी म्हणालं, नजर लागली. आम्ही पुन्हा चार मासे आणले, आणि या वेळी जास्त काळजी म्हणून खडे आणि स्पंज गरम पाण्यात खळखळून धुतले. हे चार तर आठवडाभरही टिकले नाहीत.

पार्टनर हसत हसत म्हणाला की त्याच्या हाताला यशच नाही, जे धरतो ते बुडतं. आम्ही कुणीच हसलो नाही. त्याच रात्री त्याने मला विचारलं की कळंबोलीहून सांगलीची गाडी किती वाजता मिळते. गाडी कशासाठी हवी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून सिव्हिलच्या एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये नेलं. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे तिथे माझं काहीच काम नव्हतं. पण सरांनी हाकलून दिलं नाही. त्यांनी नमुन्यात नेसलरचं द्रावण टाकलं आणि ते काचेसारखं नितळ पाणी क्षणात पिवळंजर्द झालं. अमोनिया! सर म्हणाले की मासे आजाराने मेले नाहीत, स्वतःच्याच उत्सर्गाने गुदमरून मेले. मग फळ्यावर एक नाव लिहिलं, सर्गेई विनोग्राडस्की, आणि लायब्ररीत जाऊन वाच म्हणाले. मी वाचलं. पार्टनरलाही वाचून दाखवलं. तीच गोष्ट आता तुम्हाला सांगतो.

विनोग्राडस्कीचा जन्म १८५६ चा, कीव्ह शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनची राजधानी आहे. घर श्रीमंत, पैशाची ददात नाही. अडचण वेगळीच होती. या मुलाला आपल्याला नक्की काय करायचंय, तेच कळत नव्हतं. आधी कायद्याला प्रवेश घेतला, तो सोडला. मग विज्ञानाकडे गेला, तिथेही मन लागेना. मग थेट सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात जाऊन पियानो शिकू लागला. तेही काही काळाने सोडलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर या मुलाच्या नावाने घरी रोज तणतण झाली असती, आणि शेजारच्या काकूंनी त्याचं उदाहरण देऊन स्वतःच्या मुलाला तंबी दिली असती. १८७७ मध्ये, एकविशीच्या आसपास, तो पुन्हा विज्ञानाकडे वळला. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र घेतलं आणि या वेळी मात्र टिकला. १८८१ मध्ये पदवी मिळाली.

पुढे १८८५ मध्ये तो स्ट्रासबुर्गला अँटोन दे बारी या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला. तिथे त्याने बेगियाटोआ नावाचे जिवाणू अभ्यासाला घेतले. गंधकाच्या झऱ्यांत, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या पाण्यात, हे पांढऱ्या धाग्यांसारखे वाढतात. त्यांच्या पोटात गंधकाचे कण दिसतात. विनोग्राडस्कीने सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवरच हे धागे वाढवले. हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं की गंधकाचे कण भरायचे, ते पाणी बंद केलं की कण नाहीसे व्हायचे आणि त्यांचं सल्फेट व्हायचं. दिवसातून कितीतरी वेळा पाण्याचे थेंब बदलत तो हे पाहत बसायचा. यातून १८८७ मध्ये त्याने जे मांडलं ते तोपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हे जीव साखर, प्रथिनं असलं काही जाळून ऊर्जा मिळवत नाहीत. ते निव्वळ निर्जीव रसायन जाळून त्यावर जगतात.

१८८८ च्या सुरुवातीला दे बारी वारले आणि विनोग्राडस्की झुरिकला गेला. आमच्या माशांचा संबंध इथून पुढे येतो.

त्या काळी युरोपातल्या शेतकी शास्त्रज्ञांना एक कोडं छळत होतं. शेतात शेणखत घातलं की त्यातल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो आणि मग नायट्रेट होतं. पण हे करतं कोण? १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच माणसांनी एक साधा प्रयोग केला होता. एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंब थेंब सोडत राहिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया आत जायचा, अमोनियाच बाहेर यायचा. मग नायट्रेट दिसू लागलं आणि हळूहळू अमोनिया गायब झाला. नंतर त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम ठप्प. क्लोरोफॉर्म काढून टाकला आणि बागेतल्या मातीचं थोडं पाणी घातलं, तर काम पुन्हा सुरू. म्हणजे हे काम रसायन आपोआप करत नव्हतं, वाळूत कुणीतरी जिवंत होतं.

हे वाचताना मी थांबलो. वाळूची नळी म्हणजे आमच्या टाकीतले खडे आणि स्पंज. वीस दिवस म्हणजे ते दिवस, ज्यांच्या आतच आमचे मासे संपले. आणि आम्ही स्पंज गरम पाण्याने धुतला, नळाचं क्लोरीनवालं पाणी भरलं, तो आमचा क्लोरोफॉर्म.

तर, वाळूत जिवंत आहे ते कोण? सगळे ते पकडायच्या मागे लागले होते. तेव्हा रॉबर्ट कॉख यांची नवी पद्धत जोरात होती. जिलेटिनच्या थरावर नमुना पसरायचा, जिवाणूंचे ठिपके उगवतात, त्यातला एक ठिपका उचलायचा, झाली शुद्ध जात तयार. पण जो ठिपका उचलावा त्याला अमोनियाचं नायट्रेट काही करता येईना. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी रोथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात यावर वर्षानुवर्षं घालवली. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, असं हे काम दोन टप्प्यांत होतं, हे त्यांनी ओळखलं. पण जिवाणू काही हाती लागला नाही. योगायोग असा की याच वॉरिंग्टन यांचे वडील, त्यांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, १८५० च्या सुमारास लंडनमध्ये काचेच्या टाकीत मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून घरगुती मत्स्यालयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते. बापाने टाकी दिली आणि मुलगा, नकळत, त्या टाकीतले मासे का मरतात याचं उत्तर शोधत होता.

विनोग्राडस्कीने उलटा विचार केला. बेगियाटोआने त्याला शिकवलं होतं की काही जीवांना आपल्याला चविष्ट वाटणारं खाणं चालत नाही. जिलेटिन हे खाद्य आहे, आणि या जिवाणूला ते नकोच असेल तर? मग त्याने खाद्यच काढून टाकलं. पाणी, क्षार, अमोनिया आणि थोडा कार्बोनेट, बाकी सेंद्रिय काहीच नाही. बाकीचे जिवाणू त्यात उपाशी राहिले आणि हवा असलेला वाढत गेला. हा नमुना त्याने जिलेटिनवर पसरला आणि जिथे ठिपके उगवले तिथे पाहायचं सोडून, जिथे काहीच उगवलं नाही ती जागा उचलली. ती अमोनियाच्या द्रावणात टाकली, आणि काम सुरू झालं! बाकी सगळे जिथे काही दिसतंय तिथे शोधत होते. हा जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे शोधत गेला.

१८९० मध्ये हे सगळं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापून येऊ लागलं. पुढे त्याने जिलेटिनऐवजी सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा, जेल वापरून हे जिवाणू वाढवले. अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्याला त्याने नाव दिलं नायट्रोसोमोनास, आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्याला नायट्रोबॅक्टर. शिवाय हेही दाखवलं की उजेड नसताना, हिरवा रंग नसताना, हे जीव कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात. सूर्यप्रकाशावाचून स्वतःचं अन्न स्वतः बनवणारे जीव असतात, ही केवढी मोठी गोष्ट होती!

पण त्यातला एक आकडा मला सगळ्यांत जास्त पटला. कार्बनचा एक भाग शरीरात घ्यायला या जिवाणूला सुमारे ३५ भाग नायट्रोजनचं ऑक्सिडीकरण करावं लागतं, असं त्याने मोजलं. म्हणजे राबणं पस्तीस आणि कमाई एक. म्हणूनच हे फार हळू वाढतात. आपल्या पोटातला ई-कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना चांगल्या परिस्थितीतही कित्येक तास, बऱ्याचदा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो.

आता आमच्या टाकीत काय झालं ते सांगतो. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्याचाही अमोनिया होतो. पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका त्यातला विषारी भाग जास्त. अमोनियाने कल्ले जळतात. पहिले जिवाणू आले की अमोनिया उतरतो, पण नायट्राइट चढतं. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करतं. मग पाण्यात पंपाने कितीही बुडबुडे सोडा, मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो, कारण हवा असूनही रक्त ती उचलत नाही. दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू स्थिरावले की नायट्राइट उतरतं आणि तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट उरतं. नव्या टाकीत या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी सहा मासे आणि अर्ध्या विंगचं खाद्य आत टाकलं होतं. दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या.

विनोग्राडस्कीची गोष्ट इथे संपत नाही. १८९१ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या नव्या इन्स्टिट्यूट ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिनमध्ये गेला. कुत्र्यांच्या लाळेवाले पाव्हलोव्ह तिथेच काम करत. तिथे त्याने हवेतला नायट्रोजन पकडणारा, ऑक्सिजनशिवाय जगणारा एक जिवाणू शोधला आणि त्याला लुई पाश्चर यांचं नाव दिलं, क्लोस्ट्रिडियम पाश्चरियानम. पण तब्येत बिघडली. १९०५ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्याने काम सोडलं आणि आपल्या जमीनदारीवर जाऊन शेती आणि जंगल बघू लागला. सूक्ष्मजीवशास्त्र बंद. एखाद्याचं चरित्र इथे संपलं असतं तरी ते मोठंच ठरलं असतं.

मग १९१७ ची क्रांती आली. जमीन गेली, घर गेलं, देश सोडावा लागला. साठी उलटलेला माणूस ओडेसामार्गे निघून बेलग्रेडला पोहोचला. तिथे प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पण प्रयोगशाळा म्हणावी असं फारसं काही नव्हतं. तिथेच १९२२ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एमिल रू यांचं बोलावणं आलं. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी त्याने नव्याने काम सुरू केलं. तेव्हा वय ६६. आपल्याकडे त्या वयात माणूस सकाळी बागेत जाऊन बाकावर बसतो. याने मातीच्या सूक्ष्मजीवांचा नव्याने अभ्यास मांडला. आग्रह हा, की जिवाणूला बाटलीत एकटा कोंडून अभ्यासू नका, तो मातीत, चार जणांच्या गर्दीत कसा वागतो ते बघा. १९२४ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं, १९३५ मध्ये लेवेनहुक पदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या, गेल्या. १९४९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ छापून आला. फेब्रुवारी १९५३ मध्ये ९६ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या नंतरही या टाकीतलं संशोधन थांबलेलं नाही. १९९८ मध्ये असं दिसलं की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात नायट्राइटचं काम बहुतकरून नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू करतात. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले. म्हणजे विनोग्राडस्कीचीही काही उत्तरं पुढच्यांनी दुरुस्त केली. पण रस्ता त्याचाच. आपल्या सिव्हिलवाल्यांना सांडपाणी शुद्धीकरणात नायट्रिफिकेशन शिकावं लागतं, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन हे गणित सोडवावं लागतं, ते याच माणसामुळे. त्यांनी मनात काय शिव्या द्यायच्या त्या द्याव्यात.

आता आमच्या टाकीचं. सरांच्या सांगण्यावरून आम्ही मासे न आणता टाकी चालू ठेवली. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया होऊ द्यायचा. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून त्यातलं क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे, दुकानात अँटीक्लोर म्हणून मिळणारे, थेंब टाकायचे. सरांच्या ओळखीतल्या एकाच्या जुन्या टाकीतला थोडा मळका स्पंज मागून आणला आणि आमच्या फिल्टरला जोडला. तो म्हणजे श्लोझिंगची बागेतली माती! स्पंज धुवायचा झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा, नळाखाली नाही.

रोज संध्याकाळी पाणी तपासायचं काम पार्टनरने स्वतःकडे घेतलं. रिकाम्या टाकीसमोर बसून वहीत आकडे लिहिणारा माणूस बघून विंगमध्ये चेष्टा व्हायची. पहिले दहा-बारा दिवस अमोनिया नुसता चढत होता. त्याचा चेहरा पुन्हा उतरला. मी त्याला नळीतले ते वीस दिवस आठवून दिले. तो काही बोलला नाही, पण गाडीची वेळही पुन्हा विचारली नाही. मग अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढलं, आणि पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी दोन्ही शून्य. त्याने त्या आकड्यांभोवती लाल पेनाने चौकोन केला, गणिताचं उत्तर आल्यावर करतात तसा. त्या रात्री त्याने घरी फोन करून एम-थ्रीचं सांगितलं. बराच वेळ कॉरिडॉरमध्ये उभा होता. आत आला तेव्हा डोळे लाल होते, पण मेसमध्ये ताट संपवलं.

या वेळी आम्ही दोनच मासे आणले. दीड फुटी टाकीत गोल्डफिश तसे दोनही जास्तच, मोठे झाले की मोठी टाकी लागणार, हे आता कळतंय. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडले. खायला घालायची परवानगी फक्त एकाला, आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. मासे आजही आहेत. एम-थ्रीचा निकाल अजून यायचा आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी नव्या टाकीतले मासे मेले असतील, तर दुकानदाराला आणि नशिबाला बोल लावायच्या आधी पाणी तपासा. आणि ज्यांची गाडी कुठेतरी अडकली आहे, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की पाणी नितळ दिसतंय आणि काहीच होत नाहीये असं वाटतं, तेव्हाही स्पंजात काहीतरी रुजत असतं. ते फार हळू रुजतं. तेवढे दिवस स्पंज धुऊ नका.